चोळीबांगडीच्या रानासाठी टायर

मला पसंत करायला सासरच्या माणसांना एक दुपार पुरली होती. शिरा खाल्ला, चार पावलं चालायला लावलं, हाताची बोटं बघितली आणि सुपारी फोडून मोकळे झाले. पुढं त्याच माणसांना ट्रॅक्टरची चाकं पसंत करायला वर्षावर लागलं. कोणी म्हणेल, सुनेची आणि चाकाची बरोबरी कशाला करताय बाई? मी करत नाही. चाकाचा मान किती मोठा असतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव हिंगोलीहून औंढ्याकडं जाणाऱ्या सडकेला लागून. सडकेच्या अलीकडं गाव आणि सासऱ्यांची काळी जमीन. पलीकडं ओढा, आणि ओढा ओलांडला की टेकडीला टेकलेलं माझं रान. माझं म्हणजे खरोखर माझं. माझं माहेर त्या टेकडीमागं, आणि बापानं ते रान लग्नात मला चोळीबांगडीला दिलं होतं. लेकीला सासरी एक चोळी शिवायला, हातभर बांगड्या भरायला कोणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून बाप जमिनीचा तुकडा तिच्या नावानं सोडतो. त्यात जे येईल ते लेकीचं, अशी रीत. आता नांगराखालची जमीन भावांना आणि झाडंझुडपं लेकीला, ही वाटणी पण रीतीतच बसते. बाप मायाळू होता, पण खुळा नव्हता.

मोहाची, पळसाची, चाराची झाडं आणि कडेनं सीताफळी, असं ते रान. मी सासरी आले तेव्हा सासूबाई पहिल्याच आठवड्यात शेजारणीला म्हणाल्या, "सून आंदणात जंगल घिऊन आली बाई. आता वाघ बी येईल मागं." सगळ्या हसल्या. मीही हसले, नवी होते ना. पण त्या रानात टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल निघायचं, चाराची चारोळी निघायची, पत्रावळीला पळसाची पानं आणि दिवाळीच्या सुमाराला सीताफळं. गावातली एक म्हातारी पत्रावळी लावायची. ती आणि मी मिळून वेचायचो, ती कळमनुरीच्या बाजारात नेऊन विकायची, आणि आलेलं दोघींत वाटून घ्यायचो.

त्या पैशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक होतं. घरात मीठ घ्यायचं तर सासूबाईंना विचारायचं, माहेरी जायचं तर नवऱ्याला विचारायचं, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि आपला आवाज माजघराच्या दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. रानात गेलं की मी मोठ्यानं बोलायचे. झाडांशी नाही, मी काही वेडी नव्हते. म्हातारीशी. मोठ्यानं बोलायचे आणि मोठ्यानं हसायचे, आणि कोणाला विचारायचे नाही. एवढीच माझी इस्टेट.

तर जर्मनची मोठी लढाई संपल्यावर एकदा हे हैदराबादला गेले. हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची तेव्हा चाल नव्हती, आणि आता घेतलं तर मलाच कोणी परका वाटेल. तिथं यांनी ट्रॅक्टर बघितला, आणि आले ते निराळेच होऊन आले. चूळ भरली नाही, टोपी काढली नाही. जेवायला बसले आणि म्हणाले, "आबा, ट्रॅक्टर घ्यायचा. पल्याडचं रान मोडायचं आन तितं कापूस करायचा."

पल्याडचं रान म्हणाले. हिचं रान म्हणाले नाहीत. मी वाढत होते. माझ्या हातातली भाकरी ताटात पडायची ती भुईवर पडली आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहरी देताना मी धीर करून म्हणाले, "अवो, ते रान माझं हाय."

"तुझंच हाय की. कापूस बी तुझाच म्हन," हे म्हणाले आणि भाकरी मोडून खायला लागले. कंजूस नवऱ्याशी भांडता येतं. असा उदार होऊन बसला की त्याच्याशी काय भांडायचं, मला सुचेना.

राहता राहिले मामंजी, माझे सासरे. गाव त्यांना पटेल म्हणायचं. थोडं बोलणारा माणूस, आणि जीव सगळा गोठ्यात. त्यांची एक बैलजोडी होती, उमेदीतून उतरलेली, पण पोळ्याला अजून तिचाच पहिला मान. बैल घेताना मामंजी दात नंतर बघायचे, आधी खूर. खूर हातात घेऊन सोनाराच्या नजरेनं बघत बसायचे. ट्रॅक्टरचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चाकं कसली हायेत त्याला?"

"लोखंडाची बी येतात, रबराची बी," हे म्हणाले.

"मंग आदी ते ठरवा. पाय कसे हायेत ते कळल्याबिगर जनावर दावणीला आणायचं न्हाई."

झालं. तिथनं आमच्या घरात चाकं फिरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बाजारात तुरी आन भट भटणीला मारी. गाडी न्हाई घोडं न्हाई, चाकावर भांडून राहिले बापलेक."

हिंगोलीत मोटारीच्या सामानाचं दुकान असलेले एक मियाँसाहेब होते. त्यांचे वाडवडील घोड्यांचं खोगीर आणि नाल विकायचे, हे सायकली आणि टायर विकायचे. आमच्या घराशी जुना घरोबा. बापलेक त्यांच्याकडं गेले. मियाँसाहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "पटेलसाब, टायर का तो हो जाएगा. पैले जमीन का बोलो. काटा कित्ता है? पत्थर कैसे हैं? नीचे गिल्ला है क्या सुक्का?"

बापलेक एकमेकांकडं बघायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. रान मोडायला निघाले होते, पण रानात पाय कोणी टाकलेला नव्हता, निदान मी तरी तसंच समजत होते.

त्या संध्याकाळी मामंजी माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडं आणि तोंड अंगणाकडं. सुनेशी बोलायची तीच पद्धत. खाकरले, आणि म्हणाले, "सूनबाई, तुझ्या रानात काटा किती हाय?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. जेवण झालं का, भाकऱ्या किती टाकायच्या, याच्या पुढचं त्या घरात मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. आणि पीठ मळता मळता माझ्या डोक्यात उजेड पडला. चाकं ठरली की रान गेलं. चाकं ठरलीच नाहीत तर रान राहील.

"काटा लई हाय मामंजी," मी म्हणाले. "हिवराचा."

हिवराचा काटा ज्यानं पायात घेतला आहे त्याला जास्त सांगायला नको. बोटभर लांब, पांढरा, आणि चपलेतून वर येतो. माझ्या रानात हिवर औषधाला नव्हता. पण ओढ्याच्या अलीकडं गावाच्या अंगाला भरपूर होता. मी म्हातारीला सांगितलं, म्हातारीनं का म्हणून विचारलं नाही, आणि दोन दिवसांत टोपलंभर काटे घरी आले. यांनी ते टोपलं छकड्यात घालून स्वतः हिंगोलीला नेलं. मियाँसाहेबांनी एक काटा उचलला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "मियाँ, ये काटा नहीं, ये तो खिल्ला है." रबर बाद झालं. हे घरी आले ते सुतक आल्यागत तोंड करून.

मग लोखंड. लोखंडी चाकाला हे एवढाले दाते असतात, ते भुईत रुततात आणि ट्रॅक्टर पुढं ओढतात. काट्याची त्यांना फिकीर नाही. हे पुन्हा खुलले. मामंजी पुन्हा दाराशी आले. "सूनबाई, दगड कसा काय हाय?"

"वरनं दिसत न्हाई मामंजी. खाली समदा खडक. पहार मारली तर ठिणगी उडती."

"अस्सं," म्हणाले, आणि जरा वेळ उभे राहिले. "चाराची झाडं औंदा फळली का?"

"फळली की. वाकली पार."

"अस्सं," म्हणून गेले. चारोळीचा आणि चाकाचा काय संबंध, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी आपली खडकाच्या आनंदात होते.

लोखंडाची दुसरीही एक अडचण निघाली. दात्यांची चाकं सरकारी सडकेवर न्यायला मनाई, सडक उखडते म्हणून. आणि गाव अलीकडं, रान पलीकडं, मधनं सडक. यावर यांनी तोड काढली की रोज सडकेवर कडब्याच्या पेंढ्या अंथरायच्या, त्यावरनं ट्रॅक्टर न्यायचा आणि पेंढ्या उचलून आणायच्या. हे ऐकून सासूबाईंचा आवाज चढला. "जनावराच्या तोंडचा कडबा चाकाला घालताव? अन् संध्याकाळी त्योच गायीपुढं टाकताव?" मामंजी मान खाली घालून बसले होते. त्यांच्या मिशा हलत होत्या. मला वाटलं, रागानं.

लोखंड लोंबकळत राहिलं. मग ओढ्याचा विषय आला. तो मला आणायची गरज पडली नाही, तो होताच. पावसाळ्यात त्यात गाळ असतो. लोखंड गाळात रुतेल, रबर घसरेल. मियाँसाहेब म्हणाले, रबराच्या चाकात हवेबरोबर पाणी भरतात, म्हणजे वजन येतं आणि चाक घसरत नाही. हे ऐकून गावात हसू झालं. पण यांना त्यात निराळंच दिसलं. हे म्हणाले, "पानी धरतंय म्हंजे चाक काय अन् मोट काय, एकच. मोटंला काटा लागू नाही म्हणून काय करतो आपण? चामडं जाड घेतो. मंग चाकाला चामड्याचा आंगरखा शिवला तर?"

गावात मोटा शिवणारा एक कारागीर होता, हाताचा चांगला. त्यानं सांगून पाहिलं की मोट वर-खाली जाती मालक, ही फिरती. पण मालकाच्या अंगात आलं होतं. मियाँसाहेबांकडनं लॉरीचं एक जुनं टायर मागून आणलं. त्याच्यावर जुन्या मोटेचं चामडं तेलात भिजवून, खेचून, दुहेरी टाक्यानं शिवून चढवलं. घरात चार दिवस तो वास. सासूबाई देवघरात ऊद जाळत बसायच्या.

परीक्षा गावाच्या उतारावर ठरली. बायका सगळ्या माळवदावर चढलो, मातीचं धाबं गच्च भरलं. खाली उतारावर हिवराचे काटे पसरलेले, माझ्याच टोपल्यातले. यांनी टायर उभं केलं आणि कारागिराला हाताशी घेऊन ढकललं. सुटलं. आधी डुलत डुलत आणि मग जे सुसाट सुटलं ते काट्यांवरनं गेलं, पारापुढनं गेलं, सडक ओलांडली. आणि त्याच्या मागं गावातली झाडून सगळी कुत्री. तेलात मुरलेल्या चामड्याचा वास त्यांनी चार दिवस कसा सोसला असेल. टायर ओढ्यात जाऊन पडलं. माणसं पोचेस्तोवर कुत्र्यांनी आंगरखा उतरवून घेतला होता आणि त्याची वाटणी चालली होती.

हे तिथनं टायर लोटत वर आले, घामाघूम, आणि म्हणाले, "पर काटा एकबी घुसला न्हाई." तेवढं मात्र खरं होतं. त्या दिवशी मी इतकी हसले की माझ्या पोटात कळ आली. आणि हसता हसता यांची कीवही आली, हेही सांगून टाकते. माणूस वाईट नव्हता. दिसेल ते सगळं त्याला एकदम हवं असायचं, एवढंच.

असं ते वर्ष गेलं. मला ते आवडलं होतं. चार-दोन दिवसांनी मामंजी दाराशी यायचे, रानातलं काहीतरी विचारायचे, मी सांगायचे. ओल कुठवर राहती, सकाळचं ऊन कोणत्या अंगाला, मोहाची झाडं जुनी किती. मी काट्याचं आणि खडकाचं खोटं सांगायचे, पण झाडांचं सगळं खरं. ऐकून घेणारं माणूस भेटलं की बाई फुलून येते. मला वाटायला लागलं की माझ्यासारखी हुशार मीच. घरातल्या दोन बाप्यांना मी चाकागत फिरवून राहिले.

आणि एक दिवस हिंगोलीच्या स्टेशनात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला.

यांचा धीर सुटला होता. हैदराबादच्या व्यापाऱ्याला परस्पर मागणी घालून मोकळे झाले होते. चाकं कोणती पाहिजेत ते कळवायचं राहिलं की कळवूनही तिकडं कोणी मनावर घेतलं नाही, ते देव जाणे. त्यांच्या गोदामात रबराचीच चाकं होती, म्हणून रबराची आली. वर्षभर घरानं जे दळण दळलं त्याचं पीठ हे. मियाँसाहेब बघायला आले, टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "अब जो आया सो अच्छा, पटेलसाब."

नवा बैल दारात आला की घरच्या सवाष्णीनं त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. ट्रॅक्टरलाही तेच ठरलं, आणि सवाष्ण म्हणजे मी. सगळं गाव जमलं होतं. पुढची चाकं लहान, मागची माझ्या खांद्याएवढी, आणि त्यांच्यावर वेणीच्या पेडागत तिरक्या उंच पट्ट्या. वर्षभर ज्यांच्यावर बोलत होते ती मी पहिल्यांदा बघत होते. देखणी होती, उगाच खोटं कशाला बोलू. मी चारी चाकांवर पाणी घातलं आणि मनात म्हणाले, बाबा, तुझ्याशी माझं वैर नाही, पण माझ्या रानात येऊ नको.

रात्री कशाला, तिथंच अंगणात यांनी सांगून टाकलं. "टायर काय आता बदलत न्हाईत. मंग रान बदलू. काटा ऱ्हायला न्हाई तर टायरला काय व्हतंय? झाडं मुळासकट काढायची, काटा जाळायचा, धोंडे येचायचे. आखाजीच्या आत रान साफ."

माझ्या पायाखालची भुई सरकली. आजूबाजूच्या गावांतनं लाकूडतोडे बोलावले होते. मी जेवढा काटा सांगितला होता त्या मानानं माणसं बोलावली होती, म्हणजे ढिगानं. खड्डा मीच खणला होता आणि मापही माझंच.

मी यांना गाठलं. म्हणाले, "अवो, रानात काटा न्हाई. हिवराचं झाड न्हाई एकबी. मी खोटं सांगितलं. तुमचं टायर तसंच गेलं तरी काही व्हनार न्हाई, पर झाडं तोडू नका."

हे माझ्याकडं बघून हसले, प्रेमानं. "टोपलं मी सोता हिंगोलीला नेलंय की. आता झाडासाठी काहीबी सांगून राहिली व्हय?"

वर्षभर खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं. खरं बोलले ते एकदाच, आणि ते कोणालाच पटलं नाही. मी दोन दिवस रानात जाऊन आले आणि मोहाच्या बुडाशी बसून रडले. म्हातारी म्हणाली, रडून काय व्हतंय, त्यांनी तोडली तर आपल्याला जळण तरी व्हईल. तिला तसं समजूत घालायची सवय नव्हती बिचारीला.

लाकूडतोडे यायच्या आदल्या दिवशी मामंजी जेवताना म्हणाले, "चोळीबांगडीचं रान हाय ते. पोरीच्या पदरात खण पडल्याबिगर त्याला लोखंड लावता येत न्हाई. आपल्यात तशी रीत हाय."

"द्या की मंग खण. न्हाई कोण म्हनतंय," हे म्हणाले. खण नको म्हणालेली सवाष्ण यांनी कधी पाहिली नव्हती. मी तरी कुठं पाहिली होती? सौभाग्याचं लेणं ते. वैऱ्यानं दिला तरी बाई पदर पुढं करते.

सकाळी अंगणात सगळे जमले. लाकूडतोडे कुऱ्हाडी टेकून बसलेले, शेजारपाजार, सासूबाई कुंकवाचं ताट घेऊन. मामंजींनी स्वतः जाऊन खण आणला होता, हिरवा, काठाचा. ते माझ्यासमोर आले. या वेळी पाठ नाही, तोंड माझ्याकडं. म्हणाले, "सूनबाई, पदर पसर. खण घेतलास तर रान मोडायचं. न्हाई घेतलास तर न्हाई." प्रत्येक शब्द ठोकून, चारचौघांना ऐकू जाईल असं बोलले. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. खण देताना एवढं कोणी बोलत नाही.

मी पदर पसरला नाही. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सवाष्णीनं असं करू नाही." हे म्हणाले, "घे की, काहून थांबली?" आवाज निघेल असं वाटत नव्हतं, पण निघाला.

"मला नको. रान मोडायचं न्हाई."

मामंजींनी एक क्षणसुद्धा थांबून बघितलं नाही. लगेच वळले. "ऐकलं ना समद्यांनी? न्हाई म्हनती ती. रान तिचं हाय. चहा घ्या बाबांनो आन जा घरला." लाकूडतोडे खुशीत उठले, फुकटचा चहा कोणाला नको. हे जागच्या जागी उभे होते, ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून.

त्यानंतर हे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईंनी तर मला गावजेवणात वाढायला बोलावणं बंद केलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाढायला वाकून वाकून कंबर मोडायची.

पण ट्रॅक्टर दारात ठेवून कोणाला दाखवायचा? हे तो काळ्या जमिनीत घेऊन गेले. काळ्या जमिनीत ना काटा, ना धोंडा, ना सडक मधे. रबराची चाकं तिथं अशी चालली की माणसं बांधावर येऊन बसायची. हे घरी यायचे ते काळ्या धुळीनं माखून, आणि हळूहळू माझ्याशी बोलायला लागले, कारण आजची नांगरट कशी झाली ते सांगायला दुसरं कोण होतं. मला बरं वाटलं. रान राहिलं, ट्रॅक्टरला काम मिळालं, यांचा रुसवा गेला. सगळं कसं बराबर झालं, असं मी समजत होते.

बैलांना काम उरलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काळ्या जमिनीतली नांगरट म्हणजे त्यांचीच होती की. ती जोडी आता दावणीला उभी राहून खायची. एक दिवस जेवताना हे म्हणाले, "आबा, कळमनुरीच्या बाजाराला बैल नेतो. उभ्यानं खाऊन राहिलेत." म्हाताऱ्या बैलांना बाजारात कोण घेतं आणि कशाला, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मामंजी ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

आणि मग माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. पाठ माझ्याकडं, तोंड अंगणाकडं.

"तुझ्या रानात हिवर न्हाई, सूनबाई," म्हणाले. "ल्हानपणी मी तितं गुरं राखलीत."

माझ्या हातातला तांब्या खाली पडायचाच राहिला. "तुमाला ठावं व्हतं?"

"टोपल्यातला काटा आपल्याच ओढ्याकाठचा. मी वळखनार न्हाई व्हय?"

"मंग काहून इचारत राहिलाव वरीसभर?"

"मला बी कुठं पायजे व्हता ट्रॅक्टर," म्हणाले.

मी दोन बाप्यांना फिरवत होते म्हणे. एक तर माझ्या शेजारीच उभा राहून चाक लोटत होता.

मामंजींनी डोक्याचा रुमाल काढला, झटकला आणि हातातच धरून ठेवला. "म्हातारी जनावरं हायेत. तितं गवत हाय, सावली हाय, पायाला काटा न्हाई. तुझ्या रानात दोघांना जागा देती का?"

त्या घरात मालकिणीला विचारावं तसं मला कोणीतरी विचारावं, याची मी किती वर्षं वाट बघितली होती. वाटायचं, तसं कोणी विचारलं की मला भारी वाटेल, मी जरा थांबवीन, जरा भाव खाईन. आणि विचारलं ते या माणसानं, ज्यानं उभ्या जन्मात गावाकडं काही मागितलं नव्हतं. त्यांची ती वाकलेली मान बघून माझा जीव तुटला. भारीबिरी काही वाटलं नाही.

"इचारताव काय मामंजी," मी म्हणाले, "घिऊन जा की."

तरी ते हलले नाहीत. "तसं न्हाई," म्हणाले. "रान तुझं हाय. तू व्हय म्हन, मंग नेतो."

मी दाराबाहेर आले आणि व्हय म्हणाले. मग त्यांनी बैल सोडले.